कथेची बोधकथा का होते? एका कथासंग्रहाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सहकारी बँकेत नोकरी करता. साध्या माणसांना रोजच्या जगण्यात पडणाऱ्या नैतिक पेचांवर तुम्ही बारा कथा लिहिल्यात आणि त्यांचा संग्रह काढायचा आहे. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. भाषा स्वच्छ आहे, पण दुसऱ्याच पानावर कळतं की हा माणूस शेवटी योग्य तेच वागणार, आणि बारा कथा संपल्यावर एकच कथा बारा वेळा वाचल्यासारखी वाटते, असा त्यांचा अभिप्राय. तुम्ही मला विचारलंय की शेवट बदलू का, निदान चार-पाच पात्रांना तरी चुकीचं वागू देऊ का.

बाराही कथा वाचल्या. शेवटाला हात लावू नका, निदान एवढ्यात नको. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा निवडणं आणि नव्या लेखकांच्या संग्रहांचं संपादन हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हा उपाय करून पाहिलेल्या कथा माझ्याकडे दर हंगामात येतात. प्रामाणिक कारकुनाला शेवटच्या परिच्छेदात लाच घ्यायला लावली की कथा बोधपर राहत नाही, असं लेखकाला वाटतं. बोध तिथेच असतो. आधी 'चांगलं वागावं' असा होता, आता 'जगात चांगुलपणा उरला नाही' असा झाला.

तुमची अडचण पहिल्या दोन पानांत आहे. तुमच्या पात्रांपुढे दोन वाटा आहेत हे कळतं, पण त्या वाटा कशाच्या बनल्या आहेत ते कळत नाही. किती रुपये, कोणाचे, कधीपर्यंत द्यायचे, कोणाच्या देखत, आणि नाही दिले तर उद्या सकाळी कोणाच्या दारात कोण उभं राहणार? कुठल्याही माणसापुढे नैतिक प्रश्न आधी व्यवहाराचा प्रश्न होऊन येतो. तो व्यवहार तुम्ही धूसर ठेवलात की कथेत फक्त तत्त्व उरतं, आणि चोरी वाईट की चांगली याबद्दल वाचकाचं मत तुमची कथा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. मग त्याला शेवट कळणारच.

पहिलीच कथा घेऊ. निवृत्त शिक्षक तीस हजार काढायला बँकेत जातात. घरी येऊन मोजतात तर चाळीस हजार. रात्रभर तळमळतात, सकाळी जाऊन दहा हजार परत करतात, कॅशियर मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. ते रात्रभर का तळमळतात, हे मला तीन पानं वाचून कळलं नाही. 'सदसद्विवेक' तीनदा आला आहे, देवघरातली समई दोनदा.

तुम्ही स्वतः काउंटरवर बसलेल्या आहात. दिवसअखेर रोकड जुळली नाही की काय होतं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पुन्हा मोजणी, मग दिवसभराची व्हाउचरं एकेक करून तपासणं, मोठी रक्कम घेऊन गेलेल्या खातेदारांना फोन. रोकड जास्त निघाली तर ती वेगळ्या खात्याला टाकून ठेवतात. कमी निघाली आणि सापडली नाही, तर कॅशियरने ती आपल्या खिशातून भरायची. कथेत यातलं एक वाक्यही नाही! म्हणजे ज्या गोष्टीमुळे त्या दहा हजारांना वजन येतं, तीच तुम्ही सवयीची म्हणून गाळलीत.

आता ती आत घ्या. मशीनमधून साठ नोटा काढताना आधीच्या वीस पाचशेच्या नोटा त्यांना लागून गेल्या. संध्याकाळी साडेसहाला शिक्षकांना फोन येतो: 'सर, सकाळचे पैसे मोजून घेतले होते ना? बरोबर होते?' त्यांनी तोवर मोजलेले आहेत. आणि ते म्हणतात, 'हो हो, बरोबर होते.' का म्हणतात? बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आठवड्यावर आहे म्हणून, किंवा पटकन तोंडातून गेलं म्हणून, किंवा इतकी वर्षं काटेकोर राहून काय मिळालं असं दुपारीच मनात येऊन गेलेलं असतं म्हणून. कारण तुम्ही शोधा. पण या एका वाक्याने कथा बदलली. आतापर्यंत त्यांच्याकडे चुकून आलेले पैसे होते, आता तोंडाने बोललेलं खोटं आहे. उद्या पैसे परत करायचे म्हणजे, गावाने ज्यांना 'सर' म्हणून मान दिला त्यांनी काल फोनवर खोटं बोलल्याचं एका पंचविशीतल्या मुलीसमोर मान्य करायचं. आता ते तळमळतील, आणि समई न लावताही मला ते पटेल. ते पैसे परत करोत किंवा न करोत. गुपचूप तिच्या खात्यात भरतील? स्लिपवर नाव लिहावं लागतं. कोणाच्या हाती पाकीट पाठवतील? तो कोणीतरी मग त्यांना ओळखून असेल. प्रत्येक सुटकेच्या वाटेवर एक छोटी अडचण आहे आणि ती तुमच्या नोकरीतून तुम्हाला ठाऊक आहे.

ती कॅशियर त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली, असं मात्र करू नका. योगायोगाने पेच सुटतो आणि त्याचबरोबर हलकाही होतो.

गोष्टीच्या शेपटीला बोध बांधण्याची आपली सवय फार जुनी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त संकलित केले, त्या 'दृष्टान्तपाठा'ची बांधणीच तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दृष्टान्ताचा अर्थ उलगडून सांगणारं दार्ष्टान्तिक. तिथे गोष्ट सूत्रासाठी जन्मलेली आहे आणि ते लपवलेलंही नाही. तीच घडण कीर्तनातल्या आख्यानात आली, पुढे शाळेच्या पुस्तकांत आली. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं, तेव्हाही रंजनाच्या हाताला धरून वाचकाला शहाणं करणं हा हेतू होताच. हे सगळं आपल्या कानांत मुरलेलं आहे. त्यामुळे कथा लिहिता लिहिता हात आपोआप दार्ष्टान्तिकाकडे जातो. तुमच्या बारापैकी नऊ कथांत ते शेवटच्या अर्ध्या पानात सापडतं. कधी बायको म्हणते, कधी शेजारी म्हणतो, एकदा तर रिक्षावाला म्हणतो. ती वाक्यं काढून टाका, हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल. पण नुसती काढून भागत नाही. दृष्टान्त मुळात सूत्रासाठी रचलेला असेल, तर सूत्र पुसलं तरी त्याचा साचा दिसत राहतो. आतलं सामान बदलावं लागतं, म्हणून मी व्यवहाराचा एवढा आग्रह धरते आहे.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला प्रेमचंदांमध्ये दिसतं, कारण एकाच लेखकाच्या वीस वर्षांत दोन्ही टोकं सापडतात. 'पंच परमेश्वर' 1916 ची. जुम्मन शेखच्या म्हाताऱ्या खालेने, म्हणजे मावशीने, आपली मालमत्ता त्याच्या नावावर करून दिली आहे. दानपत्राची रजिस्ट्री होईपर्यंत तिची बडदास्त, आणि रजिस्ट्रीचा शिक्का पडल्यावर तिच्या भाकरीचाही हिशोब. ती पंचायत बोलावते आणि पंच म्हणून जुम्मनचाच जिवलग मित्र अलगू चौधरीचं नाव घेते. अलगू मैत्री बाजूला ठेवून तिच्या बाजूने निकाल देतो. पुढे बैलाच्या सौद्यात अलगूचं भांडण जुम्मनसमोर येतं आणि तोही सूड न घेता न्याय देतो. पंचाच्या जागेवर बसलं की माणसातून देव बोलतो, हा कथेचा विश्वास आहे, आणि तो उघड सांगितलेला आहे. तरीही ही कथा अजून वाचावीशी वाटते. मला वाटतं, त्याचं श्रेय रजिस्ट्रीच्या शिक्क्याला आणि त्या बैलाच्या उधारीला आहे. गावातल्या वैराला कुठून सुरुवात होते हे लेखकाला पक्कं माहीत होतं.

आता 1936 मध्ये हिंदीत छापून आलेली 'कफन' घ्या, त्यांच्या अखेरच्या वर्षातली. झोपडीत बुधिया बाळंतवेणांनी ओरडते आहे, बाहेर तिचा नवरा माधव आणि सासरा घीसू शेकोटीत बटाटे भाजून खात आहेत. आत जाऊन तिला बघून ये, असं घीसू म्हणतो. माधव जात नाही, कारण तो उठला तर बाप बटाट्यांचा मोठा वाटा फस्त करेल. ती मरते. दोघं गावभर फिरून कफनासाठी पाच रुपये गोळा करतात आणि दारू-पुऱ्यांत उडवतात. इथे चांगलं-वाईट सांगणारा कोणी नाही. माणूस बायकोच्या मरणापेक्षा बटाट्याला का जपतो, याचं उत्तर प्रेमचंद देत नाहीत. शेतात राबणाऱ्यांची हालत या दोघांपेक्षा फारशी बरी नाही, एवढंच सांगतात. वाचक घीसूचा धिक्कार करायला जातो आणि ते पाच रुपये देणाऱ्या गावाशी अडखळतो, कारण बुधिया जिवंत असताना यातलं काहीच कोणी दिलेलं नव्हतं. बटाटे आणि पाच रुपये काढून टाका, मागे एक निर्दय नवरा उरेल आणि एक साधी बोधकथा.

रशियन कथाकार चेखवने 27 ऑक्टोबर 1888 च्या पत्रात आपले प्रकाशक सुवोरिन यांना कळवलं होतं की प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखकावर बंधन आहे ते फक्त दुसऱ्या गोष्टीचं. हे सगळेच मान्य करतात. पण 'नीट मांडणं' म्हणजे काय, तर माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही बाजूंचा खर्च पूर्ण लिहिणं. तुमच्या कथांत फक्त वाईट वागण्याचा खर्च लिहिलेला आहे. चांगलं वागणं तुम्ही फुकट ठेवलंय.

हे तुमच्या हक्कसोडपत्राच्या कथेत सर्वांत जास्त जाणवतं. संग्रहातली ती सर्वांत ताकदीची गोष्ट होऊ शकते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. वडील वारलेत, दोन भाऊ, एक बहीण. भाऊ सही मागायला येतात. बहीण रात्रभर विचार करते (तुमची सगळी माणसं रात्रभर विचार करतात), सकाळी सही करते आणि म्हणते, 'दादा, मला जमीन नको, माहेर हवं.' या वाक्यावर टाळ्या पडतील. पण हे वाक्य तिचं नाही, ते वर्षानुवर्षं भावांच्या सोयीचं वाक्य आहे आणि तुम्ही ते तिच्या तोंडी घातलंत. ती ते म्हणणारच नाही असं नाही. म्हणेलही. पण मग कथेने ते ऐकून मान डोलावू नये.

या व्यवहाराचे टप्पे कागदावर मांडून बघा. आधी वारस नोंद होते. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात. बहिणीचंही. हक्कसोड त्यानंतर होतो. म्हणजे काही दिवस, कधी काही महिने, तिचं नाव त्या उताऱ्यावर असतं. जन्मापासून ज्या रानात ती राबली, ज्याच्या बांधावर तिने भावंडांना भाकरी नेली, तिथल्या कुठल्याही कागदावर तिचं नाव याआधी कधी नव्हतं. आजकाल उतारा मोबाइलवर दिसतो. पुतण्याने तिला दाखवला, किंवा तिने कॉलेजातल्या मुलीकडून काढून घेतला. भावांच्या खाली तिचं नाव, माहेरच्या बापाचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव लावून. ती ते नाव बोटांनी मोठं करून बघते. एवढं झाल्यावर सही करणं किती वेगळं होतं पाहा! आधी ती न मिळालेली गोष्ट सोडत होती, आता मिळालेली सोडते आहे.

मग दुय्यम निबंधक कार्यालय. टोकन, बाकावरची गर्दी, सर्व्हर बंद. भाऊ सगळ्यांसाठी चहा आणतो, आज जरा जास्तच काळजीने विचारतो. दस्तात लिहिलेलं असतं: राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला. साक्षीदार म्हणून भावाचे दोन मित्र. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. आणि मग टेबलापलीकडचा अधिकारी विचारतो, दस्त तुम्हीच करून दिलाय ना, मजकूर मान्य आहे ना? कायद्याने त्याला ते विचारावंच लागतं. सगळ्या प्रकरणात तिला तिची मर्जी विचारणारा तो एकमेव माणूस आहे, आणि तो अनोळखी आहे. भाऊ मागे उभा आहे. मला तुमची कथा इथे हवी आहे, या प्रश्नाच्या आणि तिच्या उत्तराच्या मधे. घरातल्या रात्रभराच्या विचारात नको.

अजून एक. तुम्ही कथेचा काळ सांगितलेला नाही, आणि या विषयात तो फार महत्त्वाचा आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही बापाच्या वाट्यात मुलीला वारसा होताच, पण एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो 1994 मध्ये दिला, पण त्यातून आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि बाप तेव्हा हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे कथेत सांगायचं नाही. पण समजा एकीच्या जागी दोन बहिणी ठेवल्यात. थोरलीचं लग्न 1991 चं, धाकटीचं 1997 चं. थोरलीला आयुष्यभर 'तुला हक्कच नाही' असं ऐकवलं गेलं, आणि तिने त्याच्याशी जुळवून घेतलं, त्यातच आपला मोठेपणाही शोधला. आता अचानक हक्क आहे. धाकटी सही करायला तयार नाही. तिच्या मुलीची फी भरायची आहे आणि ते ती सरळ सांगते. थोरली धाकटीवर चिडते. का चिडते? धाकटी बरोबर असेल तर थोरलीने इतकी वर्षं जो त्याग म्हणून मिरवला तो काय होता, हा प्रश्न उभा राहतो. दोघींपैकी कोण चांगली, हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही येऊ नये.

आणि आई. तुमच्या कथेत आईच नाही! बाप गेला, आई आहे, आणि ती थोरल्या भावाकडे राहते. धाकटीने सही अडवली तर तिला स्वतःला काय होणार? फार तर दिवाळीला बोलावणार नाहीत. पण आईला जेवताना रोज कोण काय ऐकवणार, तिच्या गोळ्या आणायला कोण उशीर करणार? निवडीची किंमत निवडणाऱ्यालाच मोजावी लागली तर ते धैर्य होतं आणि वाचक कौतुक करून मोकळा होतो. ती तिसऱ्याच माणसाला, आणि तेही न विचारता, मोजावी लागली की कौतुकही करता येत नाही आणि दोषही देता येत नाही. तुमच्या प्रत्येक कथेत हा तिसरा माणूस कोण आहे ते शोधा. शिक्षकांच्या कथेत ती कॅशियर. वृद्धाश्रमाच्या कथेत मला तो सापडला: पाठदुखीने रजा घेऊन घरी बसलेली सून, जिच्यावर तुम्ही दोन ओळी खर्च केल्यात आणि त्याही तिरकस.

वॉचमनच्या कथेबद्दल मला वेगळी तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. सोसायटीत चोरी होते, वॉचमनवर आळ येतो, तुमच्या नायकाला खरा प्रकार माहीत असतो आणि तो रविवारच्या मीटिंगमध्ये उभा राहून खरं बोलतो. वॉचमन त्याचे पाय धरतो. हा वॉचमन कथेत फक्त नायकाला चांगलं ठरवण्यासाठी आहे. त्याच्यापुढे काही निवड होती का? पुष्कळ सोसायट्यांत वॉचमन एजन्सीचा असतो, बारा तासांची ड्यूटी. आळ आला की चौकशी होत नाही; सेक्रेटरी एजन्सीला फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी गेटवर दुसरा माणूस. म्हणजे तुमच्या नायकाचं रविवारचं धाडस व्हायच्या आधी, बुधवारीच तो माणूस गेलेला असतो. त्याचा नंबरही कोणाकडे नसतो. नायक खरं बोलेल, सगळे माना डोलावतील, आणि ज्याच्यासाठी बोलायचं तो तिथे नसेल. ही कथा मला वाचायला आवडेल.

साध्या माणसांच्या नैतिक निवडींवर लिहिताना हे भान सुटू नये की निवडायची मोकळीक सगळ्यांना सारखी मिळत नाही. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 चा. त्याच्या शीर्षककथेतला निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला येतो आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. वरवर पाहता हीही खरं बोलावं की खोटं, अशीच निवड आहे. पण ती कथा वाचताना लपवणाऱ्याचा नैतिक हिशोब मांडायचं कोणाच्या मनात येत नाही. खोली देण्याआधी जात विचारणारे समोर येतात. पेच कोणी निर्माण केला, हा प्रश्न बागुलांनी मराठी कथेत असा काही आणला की त्यानंतर 'गरिबाचा प्रामाणिकपणा' ही चीज भाबडेपणाने लिहिता येत नाही. तुमच्या संग्रहात मोलकरणीची अंगठीची कथा आहे, तीही या नजरेने पुन्हा वाचा. सापडलेली अंगठी परत करणाऱ्या मोलकरणीचं कौतुक करणारं घर तिला सुट्टीचे पैसे कापून पगार देतं का, एवढं जरी कथेत आलं तरी पुरे.

भाषेबद्दल फार सांगायचं नाही, ती तुमची चांगली आहे. भावनांची नावं कमी घ्या. 'अपराधी वाटलं' लिहायच्या जागी त्याने त्या संध्याकाळी कोणाला फोन केला नाही ते लिहा. निवेदकाला पात्रापेक्षा शहाणा ठेवू नका.

आता संग्रहाचं. बारा कथा एकसारख्या वाटतात याचं कारण विषय एक आहे हे नाही. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या संग्रहात पंधरा कथा आहेत आणि त्यांतली बरीचशी माणसं कुठे ना कुठे अडकलेली, पाऊल न उचलणारी. एव्हलिन बंदरावर येऊन उभी राहते आणि जहाजावर चढत नाही. ती बरोबर वागली का, हे जॉइस सांगत नाही. तरी पुस्तक एकसुरी होत नाही, कारण त्याने कथा वयाच्या क्रमाने लावल्या: आधी बालपण, मग तारुण्य, मग प्रौढपण, मग गावाचं सार्वजनिक जगणं. अखेरची मोठी कथा त्याने 1907 मध्ये सर्वांत शेवटी लिहिली आणि ती पुस्तकातही शेवटी ठेवली. पुस्तक बाहेर यायला 1914 उजाडलं. मधल्या काळात एका प्रकाशकाने स्वीकारून परत फिरवलं आणि दुसऱ्याकडे तर छापलेले कागद नष्ट झाले. एका नकाराने तुम्ही खचू नये म्हणून हेही सांगते आहे.

तुमच्या बारापैकी दहा कथांचे नायक पंचेचाळीस ते साठ वयाचे, पगारदार, स्वतःच्या घरात राहणारे आहेत. दहाही जण एका रात्रीत निर्णय घेतात. खरा सारखेपणा तिथे आहे. एक कथा लहान मुलाची करा. शाळेत कोणाचं नाव सांगायचं, या प्रश्नावर आठ वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा जास्त अडकतं. एक कथा अशी करा की निवड तीस वर्षांपूर्वी झाली आहे आणि ती करणाऱ्याला आता नीट आठवतही नाही, पण दुसऱ्याला आठवते. एका कथेत निर्णय एकट्याचा नसू दे: सोसायटीची कमिटी, पतसंस्थेचं संचालक मंडळ, भावकी. मंडळाचे ठराव 'सर्वानुमते' कसे होतात आणि त्यात गप्प बसलेल्यांची नावं इतिवृत्तात कशी हजर म्हणून लागतात, हे तुम्ही नोकरीत पाहिलेलं असणार. आणि एका कथेत निवड होऊच देऊ नका. मुदत टळून जाऊ दे.

सापडलेलं पाकीट, परीक्षेतली कॉपी आणि रिक्षात विसरलेली बॅग या तीन कथा काढा. त्यांत व्यवहार भरायलाही जागा नाही. उरलेल्यांपैकी हक्कसोडपत्राची आधी लिहा, सुट्टी काढून कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात अर्धा दिवस नुसत्या बसा, आणि ती कथा संग्रहाची वाट न पाहता दिवाळी अंकाला पाठवा. अंकांची निवड पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा मे-जूनपर्यंत हातात असू दे. शिक्षकांची दुसरी. वॉचमनची सगळ्यात शेवटी, कारण तिच्यासाठी तुम्हाला गेटच्या त्या बाजूला बरंच बसावं लागेल.

हस्तलिखिताच्या सुरुवातीला चार पानांचं मनोगत आहे, त्यात प्रत्येक कथेतून तुम्हाला काय सांगायचं होतं ते लिहिलंय. ते काढा. अर्पणपत्रिका राहू दे.